आईची वाटी, १६८: फराळाच्या मापांच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५, डोंबिवली

फराळाची चौकशी यंदा ऑगस्टमध्येच सुरू झाली. हातात दोन महिने आहेत, तेव्हा गेल्या दिवाळीपासून डोक्यात असलेलं काम आता कागदावर घेते. आईच्या पाककृती वाट्यांमध्ये आहेत, माझी खरेदी किलोत होते आणि ऑर्डरीही किलोतच येतात. मधला पूल मी आजवर अंदाजाने बांधत आले. तो गेल्या वर्षी कोसळला.

काय झालं ते आधी नीट लिहून ठेवते. आईची चकलीची भाजणी: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, एक वाटी पातळ पोहे, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. मी सरळ हिशेब केला. चार वाट्या म्हणजे एक किलो धरलं, की एक वाटी पाव किलो आणि अर्धी वाटी सव्वाशे ग्रॅम. तांदूळ आणि डाळी बरोबर बसल्या. पण पोहे पाव किलो पडले आणि धने सव्वाशे ग्रॅम. पाच किलो तांदळाची भाजणी होती. चकल्या काळपट झाल्या, तेल प्यायल्या, सोऱ्यातून पडतानाच तुटायला लागल्या. निम्म्या ऑर्डरी नव्याने करून द्याव्या लागल्या. त्या रात्री दोन वाजता मी आणि मावशी तळत बसलो होतो, तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या दिवाळीआधी प्रत्येक जिन्नस वजनात आणायचा.

कामाला माझ्यासोबत दोघी आहेत. मावशी, ज्या माझ्याकडे पहिल्यापासून आहेत, आणि शेजारच्या वहिनी. दोघींचा हात वेगळा, माझा तिसरा, आणि आईचा तर वेगळाच. एकच कृती चार हातांत चार चवींची होते.

१३ ऑगस्ट

वजनकाटा आणला. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा. मसाल्यांसाठी वेगळा छोटा, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा. दोन्ही ओट्याच्या सपाट भागावर ठेवायचे, पंखा बंद ठेवायचा. छोट्या काट्याला पंख्याचा वारासुद्धा लागतो, आकडा नाचत राहतो.

पहिली चाचणी पाण्याची. पाण्याचं सोपं आहे, एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम, म्हणून भांड्यात मावेल तितकं पाणी वजन केलं की भांड्याचं आकारमान कळतं. घरातल्या सगळ्या वाट्या ओळीने मांडल्या आणि काठोकाठ पाणी भरून वजन केलं. सगळ्यात लहान १४२, सगळ्यात मोठी २०५. मधल्या चार वाट्यांतही दोन सारख्या नाहीत. या सगळ्यांना आम्ही रोज नुसतं ‘वाटी’ म्हणतो.

घरात सगळं एकाच वाटीने मोजलं की काही बिघडत नाही, कारण कृती म्हणजे प्रमाण. वाटी लहान असली तर लाडू कमी होतील, पण लाडूच होतील. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा अर्धी कृती वाटीत आणि अर्धी किलोत असते. माझ्याकडे नेमकं तेच चाललं होतं.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती, दोघीही आल्या. एका १६८ मिलिलिटरच्या वाटीवर (आईकडे आहे तशीच दिसते म्हणून ही निवडली, खात्री चिपळूणला गेल्यावर होईल) मैद्याची चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारे पाच-पाच वेळा भरली आणि मधला आकडा धरला.

चाळून अलगद ओतलेला: ८४ ग्रॅम.
चमच्याने भरलेला, वर सुरीने सपाट केलेला: ९३.
डब्यातून वाटीनेच उपसलेला: १०५.
ओट्यावर आपटून आपटून बसवलेला: ११९.

तोच मैदा, तीच वाटी. ८४ आणि ११९. मावशी म्हणाल्या, “अगो, मग पुस्तकात ‘दोन वाट्या मैदा’ लिहितात ते कुठलं?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग साखर घेतली. साखर कशीही भरा, १४२ ते १४६. तांदूळ १३८, आपटला तर १४४. रवा १२१ च्या आसपास, फार हलत नाही. कारण डोळ्यांनाच दिसतं. साखरेचा किंवा तांदळाचा दाणा जड असतो, तो घरंगळत जाऊन आपली जागा शोधतो आणि बसतो. पिठाचे कण इतके बारीक की एकमेकांना चिकटून राहतात, मधे हवा धरून ठेवतात. चाळलं की हवा वाढते, आपटलं की निघून जाते. म्हणजे दाणेदार जिन्नस वाटीने मोजले तरी निभावतं. खरी गडबड पिठांची आहे: मैदा, बेसन, पिठीसाखर, तांदळाची पिठी, भाजणी. आणि फराळात दुसरं असतंच काय!

पातळ पदार्थ दोन मिनिटांत झाले. दूध १७३, तेल १५४, पातळ केलेलं तूप १५२. तेल-तूप पाण्यापेक्षा हलकं, दूध किंचित जड. हे आकडे कोणाच्याही हाताने बदलत नाहीत, पुन्हा तपासायची गरज नाही.

२६ ऑगस्ट, चिपळूण

गणपतीसाठी घरी आले. वजनकाटा कपड्यांत गुंडाळून बॅगेतून आणला. आईने पाहिला आणि म्हणाली, “सोनाराचा धंदा कधीपासून?” मग कशासाठी ते सांगितल्यावर गप्प बसली. थोड्या वेळाने स्वतःच मांडणीवरून वाटी काढून समोर ठेवली. “हीच ती. दुसरी घेऊ नकोस.”

स्टीलची, बुडाला थोडी अरुंद, काठ बाहेरच्या बाजूला किंचित वळलेला. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव आणि १९७४. काठाला एका जागी पोचा आहे, तिथे तिचा अंगठा बरोबर बसतो. काठोकाठ पाणी भरलं: १६८. डोंबिवलीची निवड बरोबर निघाली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

उकडीचे मोदक. इथे वजनापेक्षा आईचा हात पाहायचा होता. तिला म्हटलं, तू नेहमीसारखंच कर, मी फक्त मधेमधे वाटी काट्यावर ठेवेन. सुरुवातीला ती अवघडली, वाटी दोनदा सपाट करायला लागली. तिसऱ्या वाटीपासून विसरली आणि खरा हात सुरू झाला.

तिचा हात असा आहे. पिठीच्या डब्यात वाटी तिरकी घालते, उपसते, वर काढताना डब्याच्या काठावर एकदाच हलकी टेकवते, आणि तर्जनीच्या मागच्या बाजूने वरची पिठी डब्यात परत सोडते. आपटत नाही, दाबत नाही, चाळूनही घेत नाही. चाळते नंतर, परातीत. सहा वाट्या वजन केल्या: १०७, १०८, १०९, १०८, १०६, १०९. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हाताला तीन ग्रॅमच्या वर फरक नाही. मी स्वतः सहा भरल्या, माझ्या ९८ पासून ११५ पर्यंत गेल्या.

एक वाटी पिठी, एक वाटी पाणी. वजनात ते १०८ ला १६८ होतं, म्हणजे पाणी पिठीच्या दीडपटीहून थोडं जास्त. मागच्या एका संकष्टीला माझ्याकडे ‘समान भाग’ ऐकून वहिनींनी अर्धा किलो पिठीला अर्धा लिटर पाणी घातलं होतं. उकड कोरडी ठाक, पारीला भेगा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, समान ते समानच होतं. फक्त वाटीचं समान आणि काट्याचं समान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्धा किलोला ७७५ ते ७८० ग्रॅम पाणी लागतं. जुन्या तांदळाची पिठी थोडं जास्त मागते, ते उकड मळताना पाण्याच्या हातावर जमवायचं.

सारणही मोजून घेतलं. खवलेला नारळ सैल भरला तर वाटीला ५८, दाबला तर ८० पर्यंत. गूळ किसलेला ११० च्या आसपास, चिरलेला असेल तर तुकड्यांच्या आकारावर. सारणाला आई वाटी लावतच नाही. “दोन नारळांना एवढा खडा,” असं म्हणून गुळाची ढेप सुरीने फोडते. तो खडा वजन केला, ३१० ग्रॅम. खवलेले दोन नारळ ४९०. नोंदवून ठेवलं, पण हे नारळावर अवलंबून आहे, त्याला नियम म्हणणार नाही.

२९ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती कालच गेला. दुपारी माडीवरच्या पेटीतून आजीची वही काढली. आजीची मापं आईच्याही आधीची. ‘रव्याचे लाडू: रवा १ मापटे, साखर पावशेर व १ छटाक, तूप नवटाक.’ दुसऱ्या पानावर ‘सुंठ दोन रुपयेभार’.

माझा गोंधळ ‘शेर’ या शब्दाशी झाला. शेर हे वजनही आहे आणि धान्याचं मापही. वजनी शेर म्हणजे ८० तोळे. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणून शेर ९३३ ग्रॅम, पावशेर २३३, नवटाक त्याच्या निम्मं म्हणजे ११७, छटाक ५८. मापी शेर मात्र भांडं आहे: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आईला विचारलं, आजीच्या वहीत कुठला शेर कुठे? ती म्हणाली, “जे ओतून घेतात ते मापाने, जे तागडीत टाकतात ते वजनाने. रवा मापाने. तूप, साखर, गूळ वाण्याकडून तागडीने.” तसं वाचलं आणि सगळी वही उलगडली. जिथे चिपटं-मापटं आहे तिथे भांडं, जिथे छटाक-तोळा आहे तिथे तागडी. वजन आणि आकारमान एकाच कृतीत शेजारी शेजारी, आणि आजीला त्यात कधी अडचण आली नाही.

मामाकडे जुनं चिपटं आहे, संध्याकाळी जाऊन आणलं. पितळी, गळ्याशी निमुळतं. पाणी २५४ ग्रॅम. सपाट भरलेला रवा १८३, म्हणजे मापटं ३६६. म्हणजे आजीचे लाडू: रवा ३६६, साखर २९१, तूप ११७. आजच्या कुठल्याही चांगल्या रवा लाडवाच्या प्रमाणाशी हे जुळतं. हे चिपटं या घरचं आहे. पायली गावागावाला वेगळी असायची, म्हणून हा २५४ चा आकडा दुसऱ्या कोणाच्या वहीला लावायचा नाही.

मामाने पायली मोजण्याची गोष्ट सांगितली. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. आणि माप शिगोशीग. भांड्याच्या काठावर जो धान्याचा डोंगर उभा राहतो ती शीग. चिपट्यात तांदूळ शिगेने भरून पाहिले: सपाट २०८, शिगेने २४१. तेहतीस ग्रॅम नुसत्या शिगेत. जुन्या कृतीत शीग धरली होती की नाही, हे विचारल्याशिवाय आकडा लिहिण्यात अर्थ नाही.

रुपयेभाराचंही तपासलं. आईच्या देव्हाऱ्यात १९०७ सालचा सातव्या एडवर्डचा चांदीचा रुपया आहे. रुपया एक तोळ्याचा असायचा, म्हणून रुपयाभार म्हणजे तोळा. छोट्या काट्यावर ठेवला: ११.५. शंभराहून जास्त वर्षं हळदीकुंकू लागून आणि पुसून झिजलेला रुपया, तरी वजन जवळपास तेच. दोन रुपयेभार सुंठ म्हणजे २३ ग्रॅम.

किलो-ग्रॅम आपल्याकडे आले ते १९५६ च्या कायद्याने, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १९६२ च्या एप्रिलपासून सक्तीने. वाणी अजूनही ‘पावशेर’ म्हणतो, पण तो देतो अडीचशे ग्रॅम. आजीच्या पावशेरापेक्षा १७ ग्रॅम जास्त. लाडवात चालतं. पाकाच्या वडीत त्यानेसुद्धा फरक पडतो.

३१ ऑगस्ट

निघायच्या आदल्या दिवशी बेसन लाडू. आईचं प्रमाण: चार वाट्या जाडसर बेसन, दीड वाटी तूप, तीन वाट्या पिठीसाखर. तिच्या हाताने बेसनाची वाटी ९४, म्हणजे चार वाट्या ३७६. पातळ तूप दीड वाटी २२८. पिठीसाखर वाटीला ९२, तीन वाट्या २७६.

इथे मला एक जुनी शंका होती. थंडीत तूप थिजतं, तेव्हा ती दीड वाटी घेते का? आई म्हणाली, “छे. घट्ट असलं तर एक वाटी शिगेची आणि वर पाव वाटी. पातळ असलं तर दीड.” मला वाटलं, हा तिचा सवयीचा ढोबळ हिशेब असणार. फ्रिजमध्ये तूप थिजवून तिला भरायला सांगितलं. तिने चमच्याने काढून वाटीत दाबलं, वर घुमट केला, मग दुसऱ्यांदा पाव वाटी. काट्यावर दोन्ही मिळून २२३. पातळ दीड वाटी २२८.

पाच ग्रॅम. मी आकडा तिला दाखवला. ती म्हणाली, “मग बरोबरच आहे की.” आणि बेसन परतायला लागली. मी मात्र तिथेच उभी राहिले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पन्नास वर्षं लाडू वळता वळता तिने घट्ट तुपाची आणि पातळ तुपाची वाटी एकमेकींना जोडून ठेवली होती, आणि काटा आज येऊन ‘हो’ म्हणाला.

वाटी मागितली. दिवाळीपर्यंत देते म्हणाली.

७ सप्टेंबर, डोंबिवली

वहिनींचे लाडू का बसतात, ते आज सापडलं. त्या बेसन आधी चाळतात आणि मग वाटीत ओततात. आईच्याच वाटीने त्यांची वाटी ७५ ग्रॅम. चार वाट्या ३००, आईपेक्षा ७६ ग्रॅम कमी, पण तूप तेच दीड वाटी. मिश्रण सैल होणारच, लाडू परातीत ठेवला की खालून पसरणारच. वहिनींना इतकी वर्षं वाटायचं की त्यांचं भाजणं कमी पडतं, म्हणून त्या बिचाऱ्या जास्तच भाजत राहायच्या आणि बेसन करपायच्या बेतात यायचं. आज ३७६ ग्रॅम वजन करून दिलं. त्यांनी त्यांच्या पद्धतीने चाळलं, भाजलं, वळले. लाडू गोल उभे राहिले. वहिनींनी एक लाडू तळहातावर धरून चारी बाजूंनी पाहिला आणि काही न बोलता डब्यात ठेवला.

एक किलो बेसनाचं प्रमाण: तूप ६०५, पिठीसाखर ७३५. भिंतीवर लावायच्या कागदावर पहिली ओळ ही.

१४ सप्टेंबर

भाजणी. प्रत्येक जिन्नस आईच्या वाटीने भरला, वजन केला. तांदूळ वाटीला १३८, हरभरा डाळ १४०, उडीद १४२, मूग १४४. सगळे एका पंगतीतले, म्हणून इथे वाटीचं प्रमाण आणि वजनाचं प्रमाण जवळजवळ सारखं. पुढे मात्र पातळ पोहे वाटीला २४. धने ५४. जिरे ७६.

एक किलो तांदळाला म्हणून असं: हरभरा डाळ ५०७, उडीद २५७, मूग १३०, पोहे ४३, धने ४९, जिरे ३४. गेल्या वर्षी मी पोहे २५० घातले होते. जवळपास सहापट. धने अडीचपट. चकल्यांनी तरी काय करावं.

पहिला घाणा छोटाच, आईच्या चार वाट्यांचा. कच्चं वजन १११६ ग्रॅम, भाजून १०४०. ओल उडून गेली ती ७६ ग्रॅम. हेही लिहून ठेवायला हवं, कारण ग्राहक भाजणी किलोवर घेतात आणि मी कच्च्या वजनावर भाव लावत होते.

१६ सप्टेंबर

गिरणीतून भाजणी आली तेव्हा गरम आणि फुललेली होती. तशीच वाटीत भरली, ९२ ग्रॅम. दोन दिवस डब्यात बसल्यावर आज १०४. आई एक वाटी भाजणीला पाऊण वाटी पाणी सांगते, म्हणजे १२६ ग्रॅम. ताज्या पिठाला तेवढंच पाणी घातलं तर पीठ सैल होतं, चकली सोऱ्यातून पडते पण काटे उभे राहत नाहीत. आईच्या घरी भाजणी नेहमी दोन दिवस आधी दळून ठेवतात, ती वाटी बसलेल्या पिठाची. ‘भाजणीला विसावा हवा’ असं ती म्हणते, त्याचं एक कारण हे असावं. वजनात घेतल्यावर ताजी-शिळी हा प्रश्नच उरत नाही: एक किलो भाजणीला १२१० ग्रॅम पाणी, त्यातलं शंभर मागे ठेवून लागेल तसं.

चमच्यांचं काम लगेच उरकलं. मिसळणाच्या डब्यातला, चहाचा, पोहे खायचा, असे तीन ‘चमचे’ घरात होते, तिघांचं मीठ वेगळं. आता तिखट, मीठ, हिंग, ओवा सगळं छोट्या काट्यावर. बारीक मीठ ५ मिलिलिटरच्या चमच्याला ६ ग्रॅम बसतं, खडे मीठ तेवढं बसत नाही. वजनाने घेतलं की कुठलंही चालतं.

२० सप्टेंबर

मेलबर्नच्या मावसबहिणीचा फोन. मी पाठवलेल्या शंकरपाळ्यांत ‘चार टेबलस्पून तूप’ लिहिलं होतं, तिच्या तळताना विरल्या. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो, माझा १५ चा. तिने ८० मिलिलिटर तूप घातलं, मी ६० धरलं होतं. कपाचीही तीच तऱ्हा: तिच्याकडे २५०, अमेरिकेतल्या भाच्याकडे २३७ च्या आसपास, आणि राइस कुकरसोबत येणारा कप १८० चा. तिला ५५ ग्रॅम तूप असं लिहून पाठवलं. चूक माझी होती, नुसतं टेबलस्पून लिहायला नको होतं.

२८ सप्टेंबर

अनारसे. या एका पदार्थाने मला सगळ्यात जास्त दिवस घेतले.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून कापडावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटून चाळायचे. मग पिठाच्या मापाने गूळ. पण ते पीठ ओलं असतं, वाटीत मुठीसारखं बसतं. किती ओलं, ते त्या दिवशीच्या हवेवर. अर्धा किलो तांदळाचं पीठ एकदा ६३० ग्रॅम भरलं, दुसऱ्यांदा ऊन होतं म्हणून ५९८. पिठाच्या वजनावर गूळ घातला तर पाण्यालाही गूळ मिळतो. पहिल्या खेपेला तेच झालं. गूळ जास्त झाला आणि अनारसा तुपात पडताच हसला, जाळी सुटी होऊन कढईभर पसरली.

काल रात्री सुचलं की ओलं पीठ मोजायचंच नाही. कोरडे तांदूळ भिजवण्याआधी वजन करायचे आणि गूळ त्यांच्यावर बांधायचा. ५०० ग्रॅम कोरड्या तांदळाला ४०० ग्रॅम गूळ. ओल कमी-जास्त झाली तर ती मुरताना आणि थापताना कळते, तिथे दुधाचा किंवा तुपाचा हात. आजच्या घाण्यात एकही हसला नाही. खसखशीच्या बाजूला जाळी पडली, कडा तांबूस. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर: “मुरू किती दिवस दिलंस?” पाच. “आठ दे.”

५ ऑक्टोबर

कागद तयार झाला. डावीकडे जिन्नस, उजवीकडे एक किलोचे ग्रॅम. मावशींना आकडे वाचायला चष्मा लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहिला. मावशींची एक हरकत होती. “हात विसरायला होईल,” म्हणाल्या. ती मी गंभीरपणे घेतली. म्हणून प्रत्येक जिन्नसापुढे कंसात आईच्या वाटीचं मापही लिहिलं, आणि ती कशी भरायची तेही: उपसून, एकदा टेकवून, बोटाने सपाट.

८ ऑक्टोबर

पाऊस उघडल्यासारखा आहे. ऑगस्टचे आकडे कोरड्या हवेत पुन्हा तपासले. मैदा आणि बेसन वाटीला दोन-तीन ग्रॅमने हलले, त्यासाठी कागद बदलत नाही.

१६ ऑक्टोबर

तीन दिवसांपासून रोज बारा तास तळण. लिहायला वेळ नाही. एवढंच: सात किलो तांदळाची भाजणी, पहिल्या घाण्यापासून शेवटच्या घाण्यापर्यंत चकली एकसारखी. सोरा कधी माझ्या हातात, कधी वहिनींच्या, डब्यात कुठली कोणाची ते ओळखू येत नाही.

१९ ऑक्टोबर

शेवटची ऑर्डर गेली. गेल्या वर्षी ज्यांना मी चकल्या बदलून दिल्या होत्या, त्यांनी यंदा अर्धा किलो जास्त मागवल्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊ चिपळूणहून आला, उद्या परत जाईल. आईची वाटी त्याच्यासोबत धाडायची आहे. ती दोन महिने कुठल्या वाटीने मोजत होती कोण जाणे, फोनवर एकदाही बोलली नाही.

तिच्यासारखी वाटी शोधायला सकाळी भांड्यांच्या दुकानात गेले, काटा आणि पाण्याची बाटली घेऊन. दुकानदाराने एकेक वाटी पुढे केली, मी भरून वजन करत गेले. १५१. १८०. १५९. १७४. अकराव्या वाटीला १६८ आला. काठ सरळ आहे, आईच्या वाटीसारखा वळलेला नाही, पण भरते तेवढीच.

कोरायचं यंत्र हातात घेऊन त्यांनी विचारलं, “नाव काय घालायचं?”

म्हटलं, नाव नको, आकडा घाला. १६८.